आपल्याच घरात करंगळी

"आधी ते उचल. माझ्या घरात मासा? उचल म्हणते ना."

बाई ओरडत होत्या. आवाज असा, की कोवलमच्या समुद्रात गेलेल्या होड्या घाबरून किनाऱ्याला लागल्या असतील. बाई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या साहेबांची बायको. नवरा इकडं तमिळ मुलखात, इरुंगाट्टुकोट्टैला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. नोकरी अजून कायम नव्हती. साहेबांच्या मर्जीवर होती. बाईंचा बंगला समुद्राच्या कडेला. हॉल एवढा, की या टोकाकडून त्या टोकाला जायला शेअर ऑटो लागावी.

तिथं शाळेत न जाता घरी शिकणारी मराठी पोरं जमायची. काय शिकलो ते दाखवायचं. कुणी ज्वालामुखी आणला होता, कुणी रोबो. माझ्या लेकीनं डब्यात बांगडा नेला. शाळेत तमिळ आणि इंग्रजीच्या चेंगराचेंगरीत पोर मुकी झाली होती, म्हणून घरी ठेवलेली. घरी बोलायला लागली. कोळणीशी तमिळमध्ये घासाघीस करायला लागली. कल्ले उघडून ताजा कुठला, शिळा कुठला, सांगायला लागली. तेच दाखवणार होती.

डबा उघडताना पाणी सांडलं. थेंबभर. बाईंचा चेहरा असा, जणू अख्खा देवमासा सोफ्यावर येऊन बसला.

मग हळू आवाजात मला म्हणाल्या, "तुमच्यात चालत असेल. याला शिक्षण नाही म्हणत."

आणि मॉप माझ्या हातात दिला. कामवाली शेजारीच उभी होती. तिला नाही. मला.

एका थेंबासाठी मी सगळा हॉल पुसला. लेक बघत होती.

बाईंना दाखवून द्यायचं, एवढंच डोक्यात. घरी आल्यावर भिंतीवर टाइमटेबल लावलं. लेकीच्या अंगात जुना गणवेश. ताटलीवर पळी आपटून घंटा. आणि मला आई नाही, मिस म्हणायचं. इतकी कडक मिस झाले, की छताचा पंखासुद्धा विचारून फिरायचा. पहाटे नवऱ्याचा डबा, मग दिवसभर मिस. बसल्या जागी डोळे मिटायचे. लेकीचं बोलणं पुन्हा आटलं.

एका दुपारी भाताचं पाणी वेळत होते. ती दारात उभी राहिली. करंगळी वर.

"मिस, जाऊ?"

संडास तिच्या पाठीशीच. घर आमचं. भाड्याचं, पण आमचं. पोरीनं पाय आवळून धरले होते. कधीची थांबली होती, कोण जाणे.

तिथं मी वाकले ते वाकले. इथं आणून पोरीलाही वाकवलं.

टाइमटेबलवर भाजी निवडली. गणवेशाचं फडकं केलं. लेक कितीतरी दिवस नुसती लोळली. मी लोळू दिलं. मग एकदा ओट्यावर चढून बसली आणि म्हणाली, इडलीचं पीठ का फुगतं गं? मलाही माहीत नव्हतं. दोघी पातेल्यापाशी बसलो, बघत.

त्याच आठवड्यात बाईंचा फोन. रविवारी या म्हणाल्या. मुलीला काहीतरी नीटसं आणायला सांग, आणि तू जरा लवकर ये, स्वयंपाकघरात हात लागेल.

"आम्ही येणार नाही, मॅडम," मी म्हटलं. "या रविवारी नाही, पुढंही नाही."

नवरा समोर जेवत होता. त्यानं घास ताटात ठेवला.

"उद्या साहेब विचारतील," तो म्हणाला.

"सांगा, बायको नाही म्हणाली."