संध्याकाळची सुई
लग्नानंतर वर्षभर मी माझ्या बायकोशी दिवसाउजेडी एक शब्द बोललो नव्हतो. भांडण नव्हतं, रीतच तशी होती. अकोल्याच्या आमच्या घरात मोठ्यांदेखत नवऱ्यानं बायकोला हाक मारणं म्हणजे निर्लज्जपणा. शाळेत पन्नास पोरांवर ओरडणारा मी, घरी पाणी हवं असलं तर भिंतीकडे बघून मागायचो.

मग तिला मधुमेह झाला. वीस वर्षांची पोर, डोळ्यांदेखत वाळत चालली. कितीही पाणी प्यायली तरी तहानलेलीच. आईनं निदान करून टाकलं, लग्नात लाडू जास्त झाले. मी तिला अमरावतीला घेऊन गेलो. तिथले डॉक्टर विलायतेतली मासिकं मागवून वाचणारे. ते म्हणाले, "लाडवांचा काही दोष नाही. पोटात एक ग्रंथी असते, तिचा रस आटलाय. तो आता जनावरांपासून काढून बाटलीत भरतात. हीच बाई माझ्या उमेदवारीच्या काळात आली असती, तर मी तुम्हाला नुसता धीर दिला असता." रोज दोन सुया ठरल्या, सकाळी आणि संध्याकाळी. टोचायला त्यांनी मलाच शिकवलं.

आणि माझं नशीब उघडलं. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

सकाळी शाळेची घाई असायची. संध्याकाळ मात्र आमची. शेगडीवर पाण्यात सुई उकळायची, खिडकीतून पिवळं ऊन आत यायचं, खोलीभर स्पिरिटचा वास. पहिले काही दिवस आई शेजारी उभी राहून औषध किती रेघेपर्यंत ओढतो तेसुद्धा बघायची. मग कंटाळून जायची. टोचायला दोन क्षण पुरत, आम्ही पाव तास बसायचो. ती अचलपूरचं तिचं माहेर सांगायची, नदीवरचे दगड, शेजारच्या मुसलमान खालाकडचे पेरू. काय काय बोललो ते आता आठवत नाही. आधी ते ऊन दिसतं, त्यात उडणारे धुळीचे कण दिसतात, आणि मग नुसता तिचा आवाज येतो.

पुढे एकदा डॉक्टर फार खुशीत भेटले. "नवीन संशोधन आलंय! त्या रसात माशातलं काहीतरी मिसळतात. औषध दिवसरात्र हळूहळू उतरत राहतं. आता सकाळी एकच सुई!" माझा चेहरा पडला. माशाचं ऐकून पडला, असं त्यांना वाटलं.

घरी येऊन मी आईला सांगितलं, औषध बदललं, पण सुया दोनच. संध्याकाळी बायकोला खरं काय ते सांगितलं. ती जरा वेळ नखाशी खेळत बसली. मग म्हणाली, "मंग पानी ठेवा ना उकळाले."

चार महिने आम्ही रिकामी सुई उकळली. जुन्या औषधाची अर्धी बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत, गारव्याला ठेवलेली, तशीच पडून होती. ती फेकायचं मला सुचलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

एका रविवारी औषध आणायला अमरावतीला गेलो आणि येताना बडनेऱ्याला अकोल्याची गाडी चुकली. घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आई दारातच म्हणाली, "काळजी करू नको, बाप्पा. सुई मी देली, माठाखालच्या बाटलीतली. पायलं होतं ना मी तुले देताना."

पिशवी टाकून मी धावलो. आत ती भिंतीला टेकून बसली होती, घामानं चिंब, डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर हसू. औषध जास्त झालं तर लगेच गोड द्या, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. मी गुळाचं पाणी कालवलं आणि घोट घोट तिच्या तोंडात सोडू लागलो. ती माझ्याकडे बघून, आईसमोर, मोठ्यानं म्हणाली, "तू उशीर केला. आज खोटी सुई नाई द्याची का?"

आईनं कंदील वर धरून आम्हा दोघांकडे पाहिलं. 

बायको शुद्धीवर आली तशी मी रडलो, सरळ आईसमोर. म्हणालो, "कावून नाई सांगतलं आईले? मरून गेली असती ना!"

"काय सांगू?" ती म्हणाली. "आमी रोज नुसतेच बसून राहतो म्हनून?"

म्हणजे तिनं आपणहून दंड पुढे केला होता. जास्तीच्या औषधानं मरण येऊ शकतं हे तिला ठाऊक होतं, डॉक्टरांनी तिच्यादेखत बजावलं होतं. पण ही लाज तिला त्याहून मोठी वाटली. मी गुळाच्या पाण्याचा पेला पुन्हा तिच्या ओठांना लावला.

आई दोन दिवस आमच्या खोलीकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर मला स्वयंपाकघरात बोलावलं. मी मान खाली घालून उभा राहिलो. ती भाजी निवडत होती. वर न बघताच म्हणाली, "बसत जा दोघं. सुई कायले पायजे त्याले? तुह्या बापासंग इतके वर्स संसार केला मी, पन त्याईच्याजवळ अशी घटकाभर कदी बसलीच नाई."