रोजची गोळी

माझी नणंद चेतना सोसायटीच्या गेटबाहेर पडत नाही, हे आम्हाला कळायला अकरा महिने लागले. सांगायला लाज वाटते. पण गुरुग्राममध्ये भाजी, दूध, ऑफिसचं काम, सगळंच अठराव्या मजल्यावर येतं. माणूस घरात अडकलंय हे कळणार कसं? इकडे दिल्लीत, करोल बागेत बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, लेकीने आपल्याला टाकलं असं ठरवूनच टाकलं होतं.

शेवटी मीच तिच्या घरी जाऊन धडकले. ती रडली. मेट्रोत एकदा जीव गुदमरला, आता मरतेच असं वाटलं, तेव्हापासून बाहेर जायचं म्हटलं की हातपाय गार पडायचे. डॉक्टर इशिता भल्लांनी व्हिडिओवर तपासून अ‍ॅगोराफोबिया, म्हणजे बाहेर पडायची, गर्दीत अडकायची भीती, सांगितला होता. गोळ्या दोन होत्या. रोजचीचा गुण यायला चार-सहा आठवडे लागणार होते. दुसरी फारच घाबरं झालं तर घ्यायची, तीही थोडेच दिवस, कारण तिची सवय लागते. आमच्या बाईसाहेबांनी काय केलं? दुसरी अर्ध्या तासात काम करते म्हणून तीच धरून ठेवली आणि रोजची दहा दिवसांत बंद!

"यार वहिनी, रोजचीने उलट धडधड वाढली."

"डॉक्टरांना विचारलंस?"

नव्हतं विचारलं. माझं डोकंच फिरलं. तिथेच फोन लावायला लावला. डॉक्टरांनी रोजची गोळी कमी डोसने पुन्हा सुरू केली, दुसरी एकदम न तोडता हळूहळू कमी केली, आणि थोडं थोडं बाहेर पडायचा गृहपाठ दिला. आधी गेट, मग कोपऱ्यावरचा चहावाला, मग मेट्रोचं एकच स्टेशन. दोनदा ती गेटवरून परतली. तिसऱ्यांदा गेली. बाबांना मात्र काही सांगू नकोस, मीच सांगेन, असं तिने मला बजावलं होतं.

बाबांच्या पंचाहत्तरीला मी पंचाहत्तर दिवे लावले. पहिलं औक्षण लेकीचं, म्हणून बाबा पाटावर अडून बसले.

"ती येत नाही," ते म्हणाले.

"येते," मी म्हटलं. राजीव चौक स्टेशनातून तिचा मेसेज आला होता: गर्दी आहे, घाम फुटलाय, गाडी बदलतेय.

निम्मे दिवे विझले तेव्हा बेल वाजली आणि मी चेतनाला दार उघडलं. बाबांनी तिच्याकडे न बघता, सवयीने विचारलं, "किती वेळ लागला यायला?"

"चौदा महिने, बाबा. रागावले नव्हते मी. घाबरले होते."

ओवाळून होईपर्यंत पाटावरून उठायचं नसतं. बाबा उठले आणि दारापर्यंत चालत गेले.