डब्ब्यातली माय

मिरच्या तोडाले जायचं ठरलं तवा माहं लेकरू नुकतंच रांगाले लागलं होतं. धानाची कापनी सरली का आमच्या इथी काम राह्यत नाई, मंग बाया-मानसं गाडी करून तेलंगणात जातात. आमी दोघं नवरा-बायको जानार होतो, पन लेकराले नेता येत नाई. दिवसभर मिरची तोडून हाताची अशी आग होते का साबनानं धुतलं तरी जात नाई, आन त्याच हातानं लेकराले घेतलं का ते डोळे चोळते आन वरडते. म्हनून त्याले सासूजवळ ठेवाचं होतं. सासूले मी मामी म्हनतो.

मामी म्हने, "खाईन-पिईन तो, बकरीचं दूध पाजीन मी. पन झोपन कसा व? तुह्या गान्याबिगर डोळा नाई लागत त्याचा."

मलेबी हेच भेव होतं. माहं गानं काई मोठं नाई, माह्या मायचंच आहे. धान बांधीत झोपलं, पानी बोडीत झोपलं, मंग बोडीतली मासोळी झोपली, बकरी झोपली, अंगनातली चूल झोपली. बांधी म्हनजे धानाचं वावर, बोडी म्हनजे लहान तळं. जे दिसन ते झोपवत जायचं. लेकराचा डोळा लागला का गानं सरलं, नाई लागला तर आनखीन कोनाले तरी झोपवायचं. ते गानं मी इथी ठेवून जाईन, असं मले वाटलं.

पयले फोनमधी भरलं. पन फोन तर माह्यासंगंच जानार, मामीचा फोन बटनाचा. आन फोनमधलं गानं सरलं का लेकरू टकमका पाहे, मामीले ते परत लावता येत नव्हतं. मंग नवरा म्हने, "लॅपटॉपमधी भर, गान्यामांगं गानं जोडता येते, एक घंटा चालन असं करू, आन डब्ब्यात टाकून देऊ." डब्बा म्हनजे मेमरी कार्डाचा स्पीकर, त्याले एकच मोठं बटन आन बाजूले आवाजाची चकरी, मामीले जमन असं.

नवरा लगनाच्या सीझनमधी धुमाल पार्टीत, म्हनजे वरातीच्या बँडात, पॅड वाजवते. जयंतीची गानी घरीच भरू म्हनून त्यानं जुना लॅपटॉप आनला होता, संगं एक माईक, आन ते गानं भराचं सॉफ्टवेअर. दोन दिवस डोकं लावलन आन ठेवून देल्लन. मी दहावी नापास, इंग्रजी वाचतो पन अर्थ लागत नाई. त्यानं उलीसं, इतकुसं दाखवलं आन गेला गाडीवाल्याकडं नावं लिवाले. मी एकटीच बसली त्या मशीनसमोर, आन खरं सांगतो, बटनाले बोट लावाचंबी भेव वाटे. काई दाबलं आन बिघडलं तर? त्याच्या पोटापान्याची वस्तू ते.

उघडल्या उघडल्या त्यानं कायतरी इचारलं. एक खिडकी, दोन बटनं. मी हाव केलं. परत इचारलं. परत हाव केलं. मंग एक पट्टी सरकाले लागली, सरकतच राह्यली, अपडेट होऊन राह्यलं म्हने, आन माह्या फोनचा नेट त्यातच सरला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या जाऊबाईच्या फोनवरून नेट घेतला. हिंदीतले व्हिडिओ पाह्यले, त्यातला मानूस इतका भरभर बोले का "यहाँ क्लिक करो" म्हनलं का कुठी क्लिक केलं ते दिसेचना. लाल बटन दाबलं, गाऊन घेतलं, ऐकलं तर काईच नाई, सुनसुन. माईक लावला होता, पन सॉफ्टवेअरले सांगाचं राह्यलं होतं का माईक हा आहे. ते सापडेपर्यंत सांज झाली.

आन हे सारं होताना लेकरू बाहेर रडे. त्याचा आवाज गान्यात येऊ नये म्हनून मी दार लावून बसत होती. त्याच्याचसाठी गानं, आन त्यालेच बाहेर काढलेलं. दाराले तो हात मारे, थप थप, आन मी आतून म्हनो, थांब रे बाबू, झालंच, झालंच. कुठी झालं होतं काई.

मंग ते टिकटिक सुरू झालं. सॉफ्टवेअरच्या आतच एक घड्याळ आहे, मी गायली का ते कानात टिक टिक टिक कराले लागे, त्याच्यासंगं गा म्हने. माहं गानं तर असं नाई. लेकराचा डोळा जड झाला का मी हळू होतो, तो दचकला का परत उलीसं भरभर. घड्याळ कोनासाठी थांबते का? आन वरतून हेडफोन घातला तर माहाच आवाज मले उशिरानं ऐकू ये. मी म्हनो मासोळी, कानात मांगून कोनी म्हने मासोळी. माही जीभच अडखळे. जशी कोनी बाई माह्या मांगं बसून मले चिडवून राह्यली.

एक डाव चांगलं आलं होतं, मधात वनखात्याची गाडी भोंगा लावून आली, वाघ फिरून राह्यला, दिस असताच घरी या. ते सारं गान्यात. लेकराले झोपवाच्या गान्यात वाघ. परत भरलं, तं लाईन गेली. लॅपटॉपची बॅटरी जुनी, लाईन गेली का तोबी गेला, आन मी सेव्ह केलं नव्हतं. मी तिथीच डोकं धरून बसली.

मामीनं दार ढकललं. कडेवर लेकरू, नाकाले शेंबूड, रडून रडून तोंड लाल. मामी म्हने, "काऊन व, भितीले झोपवून राह्यली का तू? भित कवाची झोपली."

मले हसूबी आलं आन रडूबी आलं. मी म्हनलं, "मामी, हे मशीन ऐकतच नाई माहं."

"मशीन काऊन ऐकन? त्याले झोप येते का?" मामीनं लेकरू माह्या मांडीवर टाकलं. "याले ऐकव. मशीनले ऐकाचं असन तर ऐकन ते बाजूले बसून."

जायचा दिवस जवळ आला होता, उरकनं भागच होतं. लाईन आल्यावर मी लॅपटॉप परत सुरू केला, टिकटिक बंद कराचं बटन शोधलं, ते वरतीच होतं, इतके दिवस डोळ्यासमोर. हेडफोन काढून फेकला. लेकराले मांडीवर घेतलं, लाल बटन दाबलं आन त्याले थोपटत गायली. त्यात सारं आलं. थोपटल्याचा आवाज, त्याचं ऊं ऊं, मामी बाहेर भांडे घासून राह्यली होती तेबी. धान झोपलं, बोडी झोपली, मासोळी झोपली, आन मंग हात आपोआप हळू झाला, कारन तोबी झोपला होता. पयल्यांदा मशीनमधी झोप भरल्या गेली.

तरी सरलं नाईच. सेव्ह केलं, कार्डात टाकलं, कार्ड डब्ब्यात घातलं, डब्बा मुका. नवरा आल्यावर त्यानं डोक्याले हात लावला. "अवं, हे गानं नाई, हा कच्चा माल आहे. एक्सपोर्ट कराव लागते." एक्सपोर्ट म्हनजे तांदूळ बाहेर देशात पाठवतात ते, एवढं मले माहीत होतं. माहं गानं तर पल्याडच्या खोलीत पाठवाचं होतं. त्यानं गान्यामांगं गानं जोडून देल्लं, ते बटन दाबलं, आन गानं डब्ब्यात गेलं.

जायच्या आदल्या दिवशी लावून पाह्यलं. मी दाराआड उभी. झोळीत लेकरू, फळीवर डब्बा, आन डब्ब्यात मी. लेकरानं मान वर केली, इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, मंग फळीकडं पाह्यत राह्यला, पाह्यता पाह्यता डोळा लागला. मामी मले हळूच म्हने, "जमलं व!" मी हाव म्हनलं. पन मी दाराआड उभी आहे आन त्याले माही गरज पडली नाई.

मिरच्यात मी रोज फोन करो. "झोपला का?"

"झोपते बाई, झोपते. तुलेच लावतो ना मी. तू तिकडं तोड, इकडं तू गाऊन राह्यली."

संगच्या बाया हसत. म्हनत, हिचं बरं आहे, दोन जागी मजुरी करते. मीबी हसो. हसल्यावर तोंड फिरवून घेओ, हात तिखट, डोळेबी पुसता येत नव्हते.

परत आलो तवा लेकरू अंगनात उभं राह्याले शिकलं होतं, मामीच्या लुगड्याले धरून. माह्याकडं आलं नाई. मामी म्हने, "येईन, येईन, नवीन नवीन आहे." नवीन! मी नवीन.

दुपारी झोळीत टाकलं, मी बाजूले बसली, हात धुतले होते, परत धुतले, वास घेतला, मंग थोपटाले लागली आन गायली. धान बांधीत झोपलं. तो दचकला. डोळे मोठे केले आन मान वळवून फळीवरच्या डब्ब्याकडं पाह्यलं. आवाज तिथून आला असं त्याले वाटलं. डब्बा तर बंद. मी पुढं गायली, पानी बोडीत झोपलं, तो माह्या तोंडाकडं नाई, फळीकडंच पाहे.

मामी हसाले लागली. "पाहा व, डब्ब्याले माय समजते पोट्टा." मंग माह्या तोंडाकडं पाह्यलं आन हसनं थांबवलं. म्हने, "मीच लावत होतो ना व. मी काय करू? रडे तो."

मामीचा काय दोष? तिनं तर मी देल्लं तेच लावलं. मीच तर घरभर तार पसरून, दार लावून, त्याले रडवून ते बनवलं होतं, का माह्याबिगर चालाव. आन चाललं.

मी डब्बा कोठीत लपवून पाह्यला. मी गाओ आन तो रिकाम्या फळीकडं पाहून रडे, मंग मामीले घ्याव लागे. दोन-तीन दिवस असं झालं. मंग मीच डब्बा काढला, झोळीच्या खाली ठेवला, आन चालू केला. त्याच्यासंगं मीबी गाऊन राह्यली, माह्याच आवाजाच्या मांगंमांगं. रोज चकरी फिरवून उलीसा उलीसा डब्ब्याचा आवाज लहान करतो, आपन उलीशी मोठी होतो. कदी त्याच्या ध्यानात येत नाई. कदी येते, मंग झोळीतून खाली हात काढून डब्बा चाचपते. मी तो हात धरतो. कदी धरू देते, कदी सोडवून घेते.