चार पट्टे आणि ओझरचं धुकं

"ह्या बॅगेत पेढे हायेत, आडवी करू नको," असं म्हणून आप्पांनी हातातली बॅग माझ्याकडे दिली आणि मफलर सारखा करत ते टर्मिनलच्या दाराकडे चालू लागले. मी बॅग घेतली. त्यांचं विमान मीच उडवणार होतो, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण एकसष्टाव्या वर्षी स्वतःची ओळख करून देण्यापेक्षा बॅग उचलणं सोपं वाटतं.

आप्पा निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. माल परदेशात जातो, स्वतःचं कोल्ड स्टोरेज आहे. धाकट्या मुलाचा साखरपुडा कोल्हापूरला होता आणि घरची मंडळी घेऊन जायला त्यांनी आमच्या कंपनीचं नऊ आसनी विमान पूर्ण भाड्याने घेतलं होतं. अशा भाड्याच्या विमानाला आमच्याकडे चार्टर म्हणतात. साखरपुड्याचा मुहूर्त सकाळचा होता, आणि नाशिकजवळच्या ओझरच्या विमानतळावर समोरचा दिव्याचा खांबसुद्धा दिसत नव्हता.

आप्पांनी मला हमाल समजणं यात त्यांचा काही दोष नव्हता. माझ्या अंगात नारिंगी टी-शर्ट होता आणि त्याच्या छातीवर भरतकामात लिहिलं होतं : हाय, मी सुधीर.

या टी-शर्टाबद्दल थोडं सांगायला हवं. आमचे एमडी तरुण आहेत. वडिलांचा सातपूरला पंपांचे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे, त्याच्याच वरच्या मजल्यावर विमान कंपनीचं ऑफिस. दिवाळीच्या आधी ते परदेशातून कसलासा लीडरशिप कोर्स करून आले आणि सगळ्यांना बोलावून म्हणाले की गणवेश म्हणजे भीती. प्रवासी आणि पायलट यांच्यामध्ये भिंत नको. पायलट फ्रेंड वाटला पाहिजे. त्या वेळी खाली दुसरी शिफ्ट सुरू होत होती, आणि शर्टाचं वरचं बटण नसलेल्या एका कामगाराला सुपरवायझर गेटवरून परत पाठवत होता. आमच्या खोलीत एसी चालू होता, खिडकी बंद होती. त्यामुळे गेटवरचं बोलणं वर ऐकू आलं नाही.

पायलटचा गणवेश म्हणजे पांढरा शर्ट, काळी पँट आणि खांद्यावर सोनेरी पट्टे. आमच्याकडे चार पट्टे म्हणजे कॅप्टन, तीन म्हणजे को-पायलट. ही पद्धत जहाजांवरून आली. पूर्वी लोक विमानात बसायला घाबरत. चालवणारा माणूस बोटीवरच्या कप्तानासारखा दिसला तर त्यांना धीर येईल, असा त्यामागचा विचार. म्हणजे गणवेश विमानासाठी नव्हताच, मागे बसणाऱ्यांसाठी होता. पुढे कोणता शर्ट बसलाय याने विमानाला काही फरक पडत नाही. नियमांतही परवान्यावर आणि वैद्यकीय दाखल्यावर जेवढी पानं आहेत, तेवढी शर्टावर नाहीत. कपड्यांचं आमच्यासारख्या कंपन्या आपापलं ठरवतात.

मला स्वतःला गणवेशाचं फारसं प्रेम नव्हतं. मागच्या श्रावणात माझी पत्नी गेली. कपाटाचा अर्धा भाग तेव्हाच मोकळा झाला होता. पांढरे शर्ट काढले तसा उरलेलाही झाला. मी तिथे पुस्तकं लावली. घरात बोलायला कुणी नसल्यामुळे माझा आवाजही बराच खाली आला होता. कॉकपिटमध्ये ते चालून जातं, तिथे कानाला हेडफोन असतात. टर्मिनलमध्ये चालत नाही, हे मला त्या सकाळी कळलं.

माझी को-पायलट ऋतुजा. नामपूरची मुलगी, वडिलांचा कांद्याचा व्यापार. तिच्या अंगातही तसाच नारिंगी टी-शर्ट होता. आप्पांची थोरली बहीण, जिला सगळे आत्याबाई म्हणत होते, तिने ऋतुजाकडे आल्याआल्या पाणी मागितलं. मग नाश्त्याला काय आहे विचारलं. मग आपली चप्पल कुठे काढून ठेवायची तेही विचारलं. ऋतुजाने पाणी आणून दिलं आणि चप्पल पायातच राहू दे म्हणून सांगितलं.

टॉवरकडून हवामानाची माहिती घेऊन मी आप्पांकडे गेलो. टॉवर म्हणजे विमानांची ये-जा सांभाळणाऱ्यांची खोली. विमान सोडायला समोर कमीत कमी किती अंतर दिसलं पाहिजे, याचा आकडा ठरलेला असतो. त्याला मिनिमा म्हणतात. त्या आकड्याच्या खाली दृश्यता गेली की निघायचं नाही, त्यात चर्चेला जागा नसते. त्या सकाळी आम्ही मिनिमाच्या पुष्कळ खाली होतो. एवढं सगळं मी त्यांना सांगितलं. ते मोबाइलवर कोल्हापूरच्या व्याह्यांशी बोलत होते. बोलणं संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "बॅग कुठं ठेवली?"

मी पुन्हा सांगितलं. या वेळी त्यांनी ऐकलं, पण पटलं नाही.

"हायवेला ट्रक चालू हायेत," ते म्हणाले. "मी बागेवरून आत्ता आलो. गाडी कुठं अडली नाय."

"ट्रकला ब्रेक मारता येतो, आप्पा."

"मग इमानाला ब्रेक नाय?"

"आहे. जमिनीवर."

नवरदेवाला हसू आलं. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते थांबलं. मग त्यांनी मला शांतपणे सांगितलं की तू तुझं काम कर आणि पायलटला इकडे पाठव. मी म्हणालो, पायलट मीच. त्यांनी माझ्या छातीवरचं ‘हाय, मी सुधीर’ वाचलं. मोठ्याने वाचलं. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला.

मग त्यांनी आमच्या सेल्स हेडला फोन केला. निखिल त्याचं नाव. हुशार मुलगा आहे, पूर्वी फ्लॅट विकायचा. पाचेक मिनिटांत माझा फोन वाजला.

"सर, क्लायंट खूप अपसेट आहे. काही ॲडजस्ट होईल का?"

मी म्हणालो, धुकं ॲडजस्ट होत नाही.

"पण वर तर ऊन आहे ना? ॲपवर दाखवतंय. म्हणजे फक्त खालचं थोडंसं पार करायचंय."

"निखिल, आपल्या विमानाला एकच इंजिन आहे. निघाल्यावर काही झालं तर परत इथेच उतरावं लागेल. उतरायला जमीन दिसायला हवी."

"पण परत कशाला यायचंय, सर? आपल्याला कोल्हापूरला जायचंय."

सेल्समधला माणूस असाच विचार करतो. त्यात त्याला विमानांची माहिती नाही एवढंच नसतं, त्याचा स्वभावच परत न येण्याचा असतो. मग तो जरा आवाज उतरवून म्हणाला की लग्नासाठीच्या विमानाच्या सगळ्या फेऱ्याही आप्पा आपल्यालाच देणार आहेत, एमडींचं तिकडे बारीक लक्ष आहे. आणि पुढच्या आठवड्यात माझ्या कराराचं रिन्यूअल आहे, तो आपला आठवण करून देतोय.

साठीनंतर मला कंपनी एकेका वर्षाच्या करारावर ठेवत होती. ते वर्ष संपत आलं होतं. या वयात दुसरी कंपनी मिळणं अवघड, आणि दिवसभर त्या घरात बसून राहणं त्याहून. त्यामुळे निखिलचा फोन ठेवल्यावर मी टॉवरला पुन्हा हवामान विचारलं. गरज नव्हती. काचेतून दिसतच होतं. आकडा बदलला नव्हता.

मी परत आप्पांकडे गेलो आणि म्हणालो की धुकं उठेपर्यंत विमान निघणार नाही. माझा आवाज तसाच खालचा. आप्पा म्हणाले, "दुसरा पायलट बोलवा. पैशाचं मी बघतो." बाकीच्या मंडळींनी सामान उचललं आणि विमानाकडे जाणाऱ्या दारापाशी रांग लावली. उभं राहिलं की विमान निघतं, असा त्यांचा एसटीचा अनुभव असावा.

ऋतुजा हे सगळं बघत होती. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सर, दहा मिनिटं द्या," आणि पार्किंगकडे गेली. कंपनीने जुने गणवेश परत मागवले होते. तिचा जोड गाडीच्या डिकीत होता, त्याच दिवशी ऑफिसला जमा करायचा म्हणून. परत आली तेव्हा ती पांढऱ्या शर्टात होती. खांद्यावर तीन पट्टे, काळा टाय, केस घट्ट बांधलेले. कडेने जाताना तिने मला विचारलं, "मी सांगू का?" मी मान डोलावली. निर्णय कॅप्टनचा असावा लागतो, तो कोणी सांगायचा याला नियम नाही.

ती रांगेच्या पुढे जाऊन उभी राहिली. माझ्याहून एक वाक्यही जास्त बोलली नाही.

"धुकं आहे. विमान आत्ता निघणार नाही. सगळ्यांनी बसून घ्या."

सगळे बसले. आत्याबाई सर्वांत आधी.

आप्पा उभेच होते, पण त्यांचा चेहरा निवळला होता. "हे आधीच सांगायचं ना, मॅडम," ते म्हणाले. "हा माणूस मघापासून काहीतरी पुटपुटतोय. काय समजंना." मग त्यांनी नवरदेवाला मॅडमसाठी चहा आणायला पाठवलं. साखर कमी की जास्त, तेही विचारून घ्यायला सांगितलं. याच मॅडमने अर्ध्या तासापूर्वी त्यांच्या बहिणीला पाणी आणून दिलं होतं.

ऋतुजा प्रामाणिक मुलगी आहे. तिने लगेच खुलासा केला. "आप्पा, कॅप्टन मी नाही. हे आहेत. निर्णय त्यांचा आहे. मी त्यांच्या हाताखाली आहे."

आप्पांनी आळीपाळीने आमच्या दोघांकडे पाहिलं. पांढरा शर्ट, नारिंगी टी-शर्ट. मुलगी मोठ्या मनाची आहे, असं काहीतरी त्यांच्या मनात आलेलं मला स्पष्ट दिसलं. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "या वयात शिकताय, चांगलं हाय. मॅडमचं ऐकत जा."

मी ऐकत जाईन म्हणालो.

धुकं उठायला बराच वेळ लागला. दृश्यता मिनिमाच्या वर आली, टॉवरने परवानगी दिली आणि आम्ही निघालो. वर गेल्यावर खरंच स्वच्छ ऊन होतं, निखिलचं ॲप त्यापुरतं बरोबर होतं. मुहूर्त चुकला होता, पण कोल्हापूरच्या गुरुजींनी दुपारचा दुसरा काढून दिला. आम्ही राखीव इंधन बाळगतो तसे तेही राखीव मुहूर्त बाळगत असावेत. संध्याकाळी परतताना आप्पांनी ऋतुजाला शाल दिली. मलाही नारळ मिळाला. ‘खूप शिका’ असा आशीर्वाद आत्याबाईंनी सोबत दिला.

पुढच्या आठवड्यात सातपूरच्या ऑफिसात मीटिंग झाली. जाताना मी करार संपण्याची मनाची तयारी केली होती. पण आप्पांनी एमडींना फोन करून कौतुक केलं होतं. तुमच्या कॅप्टन मॅडम फार खमक्या आहेत, लग्नाच्या फेऱ्यांनाही त्याच पाहिजेत, असं ते म्हणाले होते. माझ्याबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं होतं की म्हातारा माणूस आहे, काढू नका.

मी एमडींना म्हणालो की प्रवाशांना एक गोष्ट कळायला हवी : ‘नाही’ म्हणायचा अधिकार कोणाचा आहे. त्यासाठी गणवेश उपयोगी पडत असेल तर तो असावा. ते बारकाईने ऐकत होते. निखिलने लॅपटॉप उघडून स्लाइड दाखवली. तिच्यावर लिहिलं होतं की ग्राहक पांढऱ्या रंगाला प्रतिसाद देतो. एमडींनी माझं म्हणणं आणि निखिलची स्लाइड एकत्र केली आणि जागच्या जागी निर्णय दिला. टी-शर्ट बंद. गणवेश परत. आणि फक्त पायलटांना नाही, प्रवाशांसमोर जाणाऱ्या प्रत्येकाला. भिंत नको म्हणजे नको. माझा करारही त्याच बैठकीत वाढवला.

नवे गणवेश आले. मला चार पट्टे, ऋतुजाला तीन. बुकिंग बघणाऱ्या मुलीला दोन. निखिल हेड असल्यामुळे त्याला पाच.

त्यानंतर लगेच पुन्हा धुकं पडलं. नाशिकच्या डॉक्टरांचा एक गट कॉन्फरन्सला निघाला होता. मी टॉवरशी बोलून टर्मिनलमध्ये आलो तर निखिल त्यांच्यामध्ये उभा होता. पट्टे झळकत होते. कडक इस्त्री होती, आणि आवाज तर त्याचा पहिल्यापासूनच चांगला. पाच मिनिटांत बोर्डिंग करतोय, असं तो सांगत होता आणि डॉक्टर मंडळी समाधानाने माना हलवत होती. मी म्हणालो की एवढ्यात निघता येणार नाही. त्यांनी माझ्या खांद्याकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्याकडे पाहिलं. त्यातले एक हृदयरोगतज्ज्ञ मला समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो, तुमचे सीनियर हो म्हणतायत ना?"

आणि सगळे विमानात जाऊन बसले. मीही बसलो. सीटवर नीट टेकलो, हात मांडीवर ठेवले आणि इंजिन सुरू केलं नाही. ऋतुजानेही केलं नाही. मागून अधूनमधून विचारणा होत होती. निखिल खाली उभा राहून हाताने ‘चला’ अशी खूण करत होता, पण धुक्यामुळे तो आम्हाला नीट दिसत नव्हता. दृश्यता वर आली तेव्हा आम्ही निघालो.

पायलटांना गणवेशाची सक्ती असावी का, असं मला आता कुणी विचारलं तर मी म्हणतो, असायला हरकत नाही. बाकीच्यांना मात्र बंदी असावी.