ताटाभोवतीच्या सह्या

“आजारपणानंतर माणसाचं अक्षर सुधारतं, हे मी पहिल्यांदाच बघतोय.”

ओटीवरचं हे वाक्य मी दाराआडून ऐकलं. हातात चहाचे कप होते, आणि चार परके पुरुष बसलेले असताना बाहेर जायचं म्हणजे मला अजून धीर गोळा करावा लागे. मी तिथेच थांबले.

“मग तुम्हीपण एकदा आजारी पडून बघा,” दुसरे मास्तर म्हणाले. “तुमचं अक्षर वाचून इन्स्पेक्टरच्या चष्म्याचा नंबर वाढला म्हणतात.”

सगळे हसले. काका हसले नाहीत. ते कागद उजेडाला धरून बघत होते. मग त्यांनी मला न पाहताच हाक मारली, “ये गो बाहेर, चहा गार होतोय.”

मंदीची वर्षं होती. सरकारने खर्च कमी करायचं ठरवलं आणि बोर्डाच्या मास्तरांचे पगार कापले. कापलेले पगारसुद्धा महिनोन् महिने येत नव्हते. त्याहून वाईट होता तो नवा हुकूम: मास्तराची जागा रिकामी झाली की ती भरायची नाही. शहरातल्या शाळेत याचा अर्थ एक वर्ग कमी, एवढाच होता. डोंगरातल्या एकशिक्षकी शाळेत मास्तर गेला की शाळाच जायची. काका रत्नागिरीतल्या एका शाळेचे हेडमास्तर होते आणि मास्तरांच्या संघाचे चिटणीस. पगारकपात आणि हा हुकूम मागे घ्यावा म्हणून त्यांनी अर्ज तयार करवला होता.

तो इंग्रजीत मी लिहिला होता. वडील मुंबईला होते तोवर मी तिथल्या इंग्रजी शाळेत शिकले. ते वारल्यावर काकांनी मला रत्नागिरीला आणलं. माझं मराठी तेव्हा पुस्तकी होतं, लोक हसत, म्हणून मी फारसं बोलतच नसे. अर्ज लिहिणं त्यामानाने सोपं होतं. त्याला आवाज लागत नाही.

सह्या मिळवणं मात्र कठीण गेलं. पहिली सही कोणी करायची? पहिलं नाव ज्याचं, त्याची बदली आधी होणार, हे सगळ्यांना ठाऊक. शेवटी काकांनी स्वयंपाकघरातलं पितळी ताट मागवलं, कागदावर पालथं घातलं आणि पेन्सिल फिरवून गोल काढला. त्या गोलाभोवती चहूकडून सह्या करायच्या, कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही. सहीखाली आपल्या शाळेच्या गावाचं नाव. कागद गावोगाव फिरून महिन्याने परत आला तेव्हा सह्यांची ती चक्री पाहून मला उगीचच गरगरल्यासारखं झालं होतं.

अक्षर सुधारलं ते देवरुखाच्या पलीकडल्या एका डोंगरगावच्या मास्तरांचं; श्रावणात ते तापाने आजारी असल्याचं आमच्या कानावर आलं होतं. पूर्वी त्यांची सही म्हणजे मुंगळा शाईत बुडून गेल्यासारखी. आताची सही कित्त्यातली असावी तशी, एकेक अक्षर थांबून काढलेलं.

पुण्याहून शिक्षणखात्याचे साहेब अर्जाच्या चौकशीला येणार होते आणि सही करणाऱ्या प्रत्येकाने समोर हजर राहायचं होतं. तो निरोप द्यायला काका स्वतः त्या गावी निघाले. शाळेची हकीकत इंग्रजीत लिहायला मला बरोबर घेतलं.

देवरुखापर्यंत सर्व्हिस मोटार आणि पुढे चालत. भादव्याचा शेवट होता. सकाळचं धुकं खालच्या भातावरून उठत नव्हतं. वाट जांभ्याची, ओली, माझे बूट घसरत होते. गाव दिसायच्या आधी ऐकू आलं. मुलं पाढे म्हणत होती. तिसाचा पाढा, मग एकतिसाचा, सगळे आवाज एका पट्टीत. आम्ही शाळेच्या गडग्याशी, दगडी कुंपणाशी, पोचलो आणि आवाज एकदम थांबला. कोणी “गप” म्हणालं नव्हतं.

शाळा म्हणजे एक खोली. मुलं रांगेने बसली होती, आम्हाला पाहून उठली. पण नमस्कार आम्हाला केला नाही. तो केला खुर्चीला. खुर्चीच्या पाठीवर काळी टोपी अडकवली होती, बसायच्या जागी उपरण्याची नीट घडी, हाताला छडी टेकवलेली. फळ्यावर त्या दिवसाची तिथी आणि वार. टेबलावर हजेरीपट उघडा, त्यात त्या दिवसाचा रकाना भरलेला. शाई अजून चमकत होती.

“मास्तर कुठे आहेत रे?” काकांनी विचारलं.

“वरच्या वाडीत गेलंत,” सगळी मुलं एकदम म्हणाली. पाढ्याच्याच चालीवर.

मुलं खुर्चीकडे बघून खाली बसली.

आम्ही पारावर थांबलो. एक म्हातारा आला, काकांना राम राम केला. “मास्तर व्हय? आत्ताच वरच्या वाडीत गेलंत. वाईच बसा.” मग डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई: “वरच्या वाडीत गेलंत.” आम्ही तिला काही विचारलंही नव्हतं. ऊन चढलं, धुकं विरलं. कोणी घाईत नव्हतं, कोणी नजर चुकवत नव्हतं, आणि तेच मला सहन होईना. खोटं बोलणारा माणूस निदान थोडा अवघडतो.

पाय मोकळे करते म्हणून मी उठले आणि शाळेमागे गेले. वरच्या वाडीची वाट तिथूनच चढत होती, दगडी पायऱ्या दिसत होत्या. पण पायऱ्यांवर गवत गुडघाभर वाढलं होतं आणि पहिल्याच पायरीवर, दोन कारवीच्या झुडपांमध्ये, कोळ्याचं मोठं जाळं होतं. तिथल्या सावलीत दवाचे थेंब त्याच्यावर अजून जसेच्या तसे. त्या वाटेने त्या सकाळी कोणी गेलं नव्हतं. बहुधा त्या महिन्यातही नाही.

“बाय, पाणी घेणार?”

मी दचकले. बाजूच्या लहान घराच्या मागल्या दारात एक बाई उभी होती. तिशीची असेल. कपाळावर कुंकू मोठं, ताजं, अगदी गोल. तिने तांब्या पुढे केला. मुंबईच्या आमच्या शाळेत मिस रोज मुलींची बोटं तपासायच्या, शाईचे डाग असले की धुवून यायला सांगायच्या. त्यामुळे ती खोड मला लागली आहे, मी माणसाचं तोंड बघायच्या आधी बोटं बघते. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला, जिथे टाक टेकतो तिथे, निळा घट्टा होता. नखात खडू.

तिने माझी नजर पाहिली. बोट लपवलं नाही.

“हजेरी तुम्ही मांडता,” मी म्हणाले.

“व्हय.”

“आणि मास्तर?”

ती उंबऱ्यावर बसली. शाळेतून पुन्हा पाढे सुरू झाले होते. ती बोलताना मधेच कान देऊन ऐकत होती, कुठे चुकतात का ते.

श्रावणात मास्तरांना ताप आला. सातव्या दिवशी गेले. बोर्डाला कळवलं तर जागा रिकामी धरणार आणि शाळा बंद होणार, हे गावाला माहीत होतं. शाळा गेली की पोरं गुरांमागे, नाहीतर मुंबईला कोणाच्या खोलीवर भांडी घासायला. गावाने देवीला कौल लावला. गुरवाने देवीच्या अंगाला भिजवलेले तांदूळ चिकटवले आणि गाऱ्हाणं घातलं: मास्तर आहेत असं धरून चालावं का? उजवीकडचा तांदूळ पडला.

“देवीनं सांगितलं, मास्तर हायत,” ती म्हणाली. “मग हायत. गाव लबाड नाय बाय. देवीच्या शब्दात हाय.”

“आणि तुम्ही?”

“मास्तर हायत तर मी कुंकू कसं पुसू?”

रोज सकाळी ती ते लावत होती. तेराव्याला कोणाला बोलावलं नव्हतं, बांगड्या तशाच होत्या. रडायचं झालं तरी वाडीत आवाज जाऊ नये म्हणून ती व्हाळावर जायची, पाण्याच्या आवाजात. मास्तरांनीच तिला लिहा-वाचायला शिकवलं होतं, स्वतःचं अक्षर चांगलं नाही म्हणून छापील कित्ते आणून दिले होते. अर्जाचा कागद आला तेव्हा तिने त्यांच्या नावाची सही केली. दोन दिवस पाटीवर सराव करून.

“त्यांच्यासारखी वाईट काढायला जमंना,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच थोडं हसली. पगाराचा प्रश्न नव्हता, तो कोणाचाच आला नव्हता. तिला एवढंच हवं होतं की शाळा राहावी आणि तिला त्या खोलीत उभं राहता यावं. नाहीतर तिला भावाच्या दारात जाऊन राहावं लागणार होतं.

साहेब माणसं बघायला येणार आहेत, हे मी तिला सांगितलं. “तुमाला दिसलं ते दिसलं. बोलायचं तर बोला,” ती म्हणाली. “पण मास्तर नायत असं अजून कोणी मोठ्यानं म्हटलेलं नाय.”

मी परत पाराकडे गेले. काका म्हणाले, “पाणी चांगलं होतं का गो?”

“हो.”

निरोप म्हाताऱ्याजवळ ठेवून आम्ही उतरलो. घरी येऊन मी हकीकत लिहिली: शाळा स्वच्छ, मुलं हुशार, भेटीच्या वेळी मास्तर शाळेत नव्हते. इंग्रजीत ते वाक्य किती निर्मळ दिसत होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी दिवसभर माझ्या कानात एकतिसाचा पाढा चालू होता.

चौकशी काकांच्याच शाळेत झाली. मोठ्या खोलीत मास्तर दाटीवाटीने बसले होते. टोप्या, उपरणी, छत्र्या. हर्ण्याहून आलेल्यांच्या कपड्यांना सुक्या मासळीचा वास येत होता, त्यावरून कुजबुज आणि हसणं चाललं होतं. मी भिंतीजवळच्या बाकावर, मुलींच्या शाळेतल्या दोन शिक्षिकांशेजारी, हातात अर्जाच्या प्रती घेऊन बसले. साहेब आत येण्याच्या क्षणभर आधी ती आली. मांडीवर गाठोडं घेऊन माझ्या दुसऱ्या बाजूला बसली. कपाळावर कुंकू तसंच, मोठं, गोल.

साहेब आपल्याकडचेच होते, वयस्क, मराठी स्वच्छ बोलणारे. त्यांनी तो गोल सह्यांचा कागद उलटसुलट फिरवून पाहिला. “वाचायला सुरुवात कुठून करायची याची?”

“कुठूनही, साहेब,” काका म्हणाले.

“मग तुम्हीच वाचा. गावाचं नाव घ्या, माणूस उभा राहू दे. एक सही खोटी निघाली तर अख्खा अर्ज खोटा समजेन. वर तसंच कळवेन.”

काकांनी कागद घेतला. त्यांचं बोट गोलावर फिरलं, थांबलं, आणि त्यांनी पहिलं गाव वाचलं. ती प्रत मला पाठ होती. त्यांनी वाचलं ते तिच्या गावाच्या अगदी शेजारचं नाव होतं, आणि तिथून ते उलट दिशेने निघाले. म्हणजे तिचं गाव सगळ्यांत शेवटी येणार होतं. तेव्हा मला कळलं की काकांनाही ठाऊक आहे. त्या दिवशी पारावरून त्यांनी काय पाहिलं, ते मला आजवर माहीत नाही.

“हर्णे.”

“हजर.”

“सावर्डे.”

“हजर.”

एकेक माणूस उठत होता, बसत होता. गोल फिरत फिरत आमच्याकडे येत होता. शेजारी ती ओठ हलवत होती, पाढे म्हणत असावी. तिने गाठोडं सोडलं. आत काळी टोपी होती. तिने ती बाकावर, स्वतःच्या आणि माझ्या मध्ये, ठेवली. का कोण जाणे, मी थोडी सरकून जागा केली.

काकांनी शेवटचं गाव वाचलं.

कोणी उठलं नाही. काकांनी पुन्हा वाचलं, हळू. भर दुपार होती, खिडकीतून ऊन आत आलं होतं, आणि मला अगदी खरोखर वाटलं की आता बाकावरून कोणीतरी उठेल. समोरच्या काही मास्तरांनी मान वळवली. ते तिच्याकडे नव्हते बघत, माझ्याकडेही नाही. आमच्या मधल्या जागेकडे बघत होते.

साहेबांनी टोपण उघडून लेखणी हातात घेतली.

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि कपाळावरून एकदा, जोराने, फिरवलं. लाल फराटा कानापर्यंत गेला. ती उभी राहिली, तोंड उघडलं, पण आवाज आलाच नाही. तिने माझा हात धरला.

मी उठले. प्रती मांडीवरून खाली पडल्या. खोलीभर माणसं, आणि मला आधी सुचलं ते इंग्रजी वाक्य, तेच निर्मळ वाक्य. ते मी गिळलं आणि माझ्या त्या पुस्तकी मराठीत म्हणाले,

“मास्तर श्रावणात वारले, साहेब. तेव्हापासून शाळा या चालवतात, सही यांची आहे, आणि त्या हजर आहेत.”