बाईंचं ‘पाहा’ कार्ड

बाईंनी छत्तीस वर्षं सार्वजनिक ग्रंथालयात कार्डं लिहिली. पुस्तक आलं की नावाचं कार्ड, लेखकाचं कार्ड, विषयाचं कार्ड. आणि लेखकानं टोपणनाव घेतलं असेल तर आणखी एक. त्यावर वर टोपणनाव, खाली ‘पाहा’ आणि पुढे खरं नाव. कुणी कितीही बुरखा पांघरला तरी बाईंच्या खणात तो पकडला जायचाच. त्यानं कुणाचं वाकडंही होत नसे, कारण ते खण उघडून बघतो कोण? त्या कार्डांचं कौतुक वाचकांपेक्षा बाईंनाच जास्त.

निवृत्तीनंतर स्वस्थ बसतील तर त्या बाई कसल्या! हौशी लेखकांचं एक मंडळ होतं, सत्तेचाळीस सभासदांचं. त्याची वेबसाइट बाईंच्या सुनेनं उभी करून दिली आणि कारभार सासूकडे सोपवला. “आई, यात अवघड काही नाही. रकाने भरायचे आणि ‘प्रकाशित करा’ दाबायचं,” सून म्हणाली होती. बाईंना ते आपल्या खणांसारखंच वाटलं. उलट बरंच, धूळ नव्हती.

मग मंडळाच्या सभेत ठरलं की प्रत्येक सभासदाच्या नावापुढे त्याच्या त्याच्या ब्लॉगची लिंक हवी. बाईंनी पदर खोचला. फॉर्म वाटले, आलेले तपासले, न आलेल्यांच्या मागे लागल्या. एका प्राध्यापकांनी ब्लॉगच्या पत्त्याच्या जागी स्वतःच्या घराचा पत्ता लिहून दिला होता, मजल्यासकट. तोही निस्तरला. प्रत्येक लिंक बाईंनी स्वतः दाबून पाहिली. उघडली की वहीत खूण, की पुढची.

त्या सत्तेचाळीस जणांत एक नर्स होती. मोठ्या इस्पितळात कामाला, सभेला मागच्या खुर्चीत बसणारी, बोलायची वेळ आली की चप्पल शोधणारी. तिनं फॉर्मवर ब्लॉगचं नाव लिहिलं होतं, ‘शून्य नंबरची खाट’, आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ: ‘हा ब्लॉग टोपणनावानं आहे.’ तिला वाटलं, एवढं लिहिलं की शहाण्याला पुरे. बाईंना वाटलं, एक ‘पाहा’ कार्ड करायचं आहे.

सोमवारी दुपारी बारा वाजता यादी प्रकाशित झाली. त्यात ठळक अक्षरात होतं: ‘शून्य नंबरची खाट – पाहा:’ आणि पुढे नर्सचं पूर्ण नाव, शेजारी फोटो.

सव्वादोनला पहिला फोन आला तो अधीक्षक साहेबांचा. हे त्याच इस्पितळाचे अधीक्षक आणि मंडळाचे कवी. “बाई, यादी झकास. पण आम्ही एकदम बत्तिसावे?”

“वर्णानुक्रमे लावलीय, साहेब.”

“असू दे, असू दे. मी अजून फक्त आपलीच लिंक पाहिलीय. आता चहा मागवलाय, तो आला की निवांत सगळी बघतो.”

बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. फोन ठेवला तोच नर्सचा निरोप येऊन पडला: ‘बाई, माझं नाव काढा. आत्ता. तो ब्लॉग कोण लिहितं ते आमचे साहेब दोन महिने शोधतायत. सापडलं तर माझी नोकरी जाईल.’

बाईंनी निरोप दोनदा वाचला. छत्तीस वर्षांत त्यांच्या कार्डानं कुणाच्या पोटावर पाय दिला नव्हता. त्यांनी घाईघाईनं ती ओळ पुसली, ‘प्रकाशित करा’ दाबलं, यादी उघडली. ओळ होती तिथेच. पुन्हा पुसायला गेल्या तर आतल्या रकान्यात ती नव्हतीच. बाहेर मात्र नाव, फोटो, सगळं ठणठणीत.

त्यांनी सुनेला फोन लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ती कुजबुजली, “आई, मीटिंगमध्ये आहे.”

“अगं, मी एका पोरीचा गळा कापलाय! नाव पुसलं तरी जात नाहीये.”

सून हुशार होती, तिनं ‘कशाला’ विचारलं नाही. “साइट जुनी प्रत साठवून ठेवते. ती पुसावी लागेल. मी इथून करते, पण दहा मिनिटं लागतील.”

दहा मिनिटं! चहा यायला किती लागतात? बाईंचं डोकं ठिकाणावर आलं. त्यांनी अधीक्षकांचाच नंबर फिरवला.

“साहेब, एक विचारायचं राहिलं. नवीन काही लिहिलंत का?”

पलीकडे खुर्ची करकरली. “तुम्ही विचारताय म्हणून सांगतो. सात कडवी आहेत.”

“सगळी ऐकवा,” बाई म्हणाल्या.

आयुष्यात कुणी कविता इतका जीव मुठीत धरून ऐकली नसेल. दुसऱ्या कडव्याला कपबशी वाजली. चौथ्याला साहेब थांबले. “एक मिनिट हं, स्क्रीनवर काहीतरी...” बाई ओरडल्याच, “नाही नाही, लय तोडू नका! तिसरं पुन्हा म्हणा.” साहेबांनी तिसरं पुन्हा म्हटलं. सहावं चालू असताना सुनेचा निरोप चमकला: ‘पुसलं.’ बाईंनी सातव्याला इतक्या मनापासून वाहवा केली की साहेब भारावले.

पण चहा यायच्या आधी त्यांनी खरंच फक्त आपलीच लिंक पाहिली होती का? साइटवर आकडा दिसत होता: यादी नऊ जणांनी उघडली होती. नऊ कोण, ते बाईंनाही सांगता येत नव्हतं. गप्प बसलं असतं तर कदाचित खपूनही गेलं असतं. बाईंनी पायात चपला सरकवल्या आणि इस्पितळ गाठलं.

नर्स दुसऱ्या मजल्यावर, औषधांच्या ट्रॉलीपाशी भेटली. बाईंनी काही लपवलं नाही. नऊ जणांचं सांगितलं, कवितेचं सांगितलं. “माझी चूक आहे गं. पदरात घे.”

नर्स रागावली नाही, तेच बाईंना जड गेलं. तिनं फोन काढला. “नऊ म्हणजे फार झाले, बाई. उद्या कुणी बोललं तर निदान दाखवायला काही नको. मी ब्लॉगच काढून टाकते.”

“सगळा?”

“दोन वर्षांचा.” तिचा अंगठा काचेवर थांबला. “तुम्ही सगळ्यांच्या लिंक तपासल्या म्हणे. माझं काही वाचलंत?”

बाईंना खोटं बोलता आलं असतं. “नाही. उघडतं का, तेवढंच पाहिलं.”

“वाचलं असतंत तर नाव लावलं नसतंत.” मग तिनं फोन पुढे केला. “आता वाचा. पाच मिनिटं आहेत माझ्याकडे.”

बाईंनी चष्मा लावला. भिंतीला टेकून, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट देत त्यांनी वाचलं:

‘सोळा नंबरच्या आजोबांना खिडकी उघडी हवी होती. ती खिळे ठोकून बंद केलेली. ऑफिसला तीन अर्ज दिले. चौथा दिला नाही. चमच्याच्या दांड्यानं दोन खिळे उपसले, तिसऱ्यानं वेळ खाल्ला. आजोबा म्हणाले, साबणाचा वास येतोय, खाली कुणीतरी कपडे धुतंय. दुसऱ्या दिवशी खाट रिकामी होती. ऑफिसात चौकशी चालू आहे, खिळे कुणी काढले त्याची.’

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही, बोटानं पान वर सरकवलं. खाली असे कितीतरी दिवस होते.

“अजून एक वाचू दे,” त्या म्हणाल्या.

“राउंडची वेळ झाली, बाई.” नर्सनं फोन हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला, ‘काढून टाका’ दाबलं आणि ट्रॉली ढकलत वॉर्डात गेली.