बॅटरीला दिलेला शेक

रविवार, २८ डिसेंबर. शेतातल्या मोटारीच्या खोलीत मी स्कूटरची बॅटरी काढून गोणपाटावर ठेवत होते. अमळनेरला आमच्या गल्लीत लाइनच्या दुरुस्तीमुळे दिवसभर वीज नव्हती, आणि शेतात दुपारी वीज येणार होती. थंडीत ही इलेक्ट्रिक गाडी उन्हाळ्याइतकी पळत नाही, त्यामुळे हिवाळ्यात मी तिचं नीट पाहते. बॅटरी रात्री अंगणात सोडत नाही, घरात घेते. गाडी चालवून आल्यावर लगेच चार्जरला लावत नाही, आधी तासभर तशीच ठेवते. यात अवघड काही नाही. दुसऱ्यानं हात लावला नाही की झालं.

मी जवळच्या एका गावात आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्या गावात लसीकरण होतं. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया नऊच्या आत लेकरं घेऊन घराबाहेर पडतात. एस.टी. त्यानंतर पोचते. म्हणजे वेळेवर पोचायचं तर गाडी हवी, आणि गाडीला बॅटरी.

धाकट्या दिराला मी सांगितलं, "भाऊ, वीज आली की मला हाक मारा. तुम्ही लावू नका." तो "हो हो" म्हणाला आणि पाहुण्यांकडे गेला.

त्या दिवशी पाहुण्यांना बोलावून शेतात भरिताचा बेत होता. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजून झाली होती. बायका ती सोलून ठेचत होत्या, मीही त्यांच्यात बसले. पुऱ्या तळून होत आल्या आणि मला प्लास्टिक जळल्याचा वास आला.

निखाऱ्यांच्या कडेला गोणपाटात गुंडाळलेली माझी बॅटरी होती. एका बाजूचं कव्हर मऊ पडून आत गेलं होतं आणि शिवणीपाशी फुगलं होतं.

"हे कोणी ठेवलं?"

"मी," दीर म्हणाला. हातातली पुरीसुद्धा त्यानं खाली ठेवली नाही. "चार्जरना लाल दिवा लागे ना. थंडीमा डिझेल इंजिन चालू नही व्हस, तं काय करतस? तापाडतस. मंग बॅटरीले थंडी वाजत नही का, वहिनी?"

सगळे हसले. एक पाहुणा म्हणाला, "शाल पण पांघरायची होती!"

चार्जरचा दिवा लागत नव्हता, कारण वीजच आली नव्हती. खोलीतला बल्ब लावून पाहिला असता तरी कळलं असतं.

मी फावडं घेतलं आणि बॅटरी गोणपाटासकट ओढत मोकळ्या, नांगरलेल्या जमिनीत नेली, काड्यांच्या गंजीपासून लांब. पोरांना ओरडून मागे सारलं. दीर मागे आलाच.

"गाडीले लाई तं देखू. चालनी तं चालनी."

"हात लावाल तर याद राखा. फुगलेली बॅटरी आहे, पेट घेईल."

"घेत नही वो! उगाच घाबरस तू."

माझा नवरा धुळ्याला नोकरीला असतो, शनिवारी घरी येतो. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "पाहुण्यांसमोर एवढं नको. त्यानं चांगल्यासाठीच केलं ना."

चांगल्यासाठी! माझ्या वस्तूला न विचारता हात लावायचा, बिघडवायची, हसायचं, आणि शेवटी आवाज चढवला म्हणून दोष माझाच. त्याच्या इंजिनाचा एक नट मी फिरवला असता, तर त्यानं चांगल्यासाठी म्हणून ऐकून घेतलं असतं?

सासूबाईंनी ताट पुढे केलं. "बाई, पहिले दोन घास खाई ले."

मी खाल्लं. भुकेला रागावून काय मिळणार? भरीत चांगलं झालं होतं, पण मी तसं म्हणाले नाही.

निघताना दीर म्हणाला, "सकाळी मी सोडी दिसू तुले. मोटारसायकल शे ना."

मागे एकदा त्यानं असंच सोडतो म्हटलं होतं. साडेनऊला तो दात घासत होता आणि मी साडी नेसून ओट्यावर उभी होते. म्हणून मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बॅटरी तिथंच मोकळ्यावर राहिली. सोमवारी बॅटरीच्या दुकानदाराला दाखवेपर्यंत कोणी जवळ जाऊ नये, असं सासूबाईंना बजावलं, कारण त्यांचं सगळे ऐकतात.

सकाळी सहाला मी दिराच्या दारात गेले. तो गोधडीत होता. खिडकीतली मोटारसायकलची किल्ली उचलली.

"वहिनी? काय व्हयनं?"

"नवी बॅटरी येईपर्यंत ही गाडी माझ्याकडे."

तो ताडकन उठून बसला. "मंग मी वावरमा कसा जासू?"

"पायी जा. थंडी आहे, चाललं की अंग तापतं."

पदर खोचला, किक मारली. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. आठच्या आत मी गावात होते, आणि पहिली बाई लेकराला घेऊन उपकेंद्राच्या ओट्यावर येऊन बसली होती.